जुनी हत्यारे पारखून घ्या

मुंबईत अंधेरीच्या पूर्वेला मरोळ आहे. पूर्वी येथे भातशेती होती. नंतर कारखाने आले, चाळी आल्या, उंच इमारती आल्या. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो गाडी सुरू झाली, तेव्हा मरोळ नाक्यालाही स्टेशन झाले. जुने गावठाण मात्र अजून टिकून आहे.

या मरोळला रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या एका स्टॉलमध्ये एक कारागीर बसतात. चपला, बूट, बॅगा दुरुस्त करतात. अशा कामाला गटई काम म्हणतात. या कारागिरांचा भाचा सातारा जिल्ह्यातून त्यांच्याकडे आला. त्या दोघांची ही हकिकत आहे. नावे सांगत नाही. नावांशी आपल्याला काय करायचे? आपल्याला हत्यारांशी काम आहे.

भाचा गावी चपला शिवतो. त्याच्याकडे बापाची हत्यारे होती. रापी झिजून झिजून बोटाएवढी उरली होती. पकडीचा दात तुटला होता. त्यातून भाचा डावखुरा आणि बाप उजव्या हाताचा. बापाच्या रापीने चामडे छिलताना भाच्याला मनगट वाकडे करावे लागे. त्याने शेळ्या विकून ९,००० रुपये जमवले आणि एस.टी.त बसला.

"मामा, मला नवी हत्यारं घेऊन द्या. चकचकीत," तो म्हणाला.

मामा हसले. "चकचकीत पाहिजे की कापणारं पाहिजे?"

"म्हणजे जुनी चांगली का?"

"तसंही नाही. जुनं ते सोनं, हे हत्याराला लागू पडत नाही. जुनं हत्यार कधी सोनं असतं, कधी निव्वळ भंगार असतं. दुकानदार दोन्ही एकाच भावानं विकतो. ओळखायचं आपण."

मुंबईत जुनी हत्यारे इतकी कोठून येतात, हे आधी समजून घेऊ. या शहरात चामड्याचे काम फार मोठे होते आणि आजही आहे. धारावीत कातडी कमावण्याचे कारखाने होते. वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ साली देवनारला गेला. पुढे धारावीतले कातडी कमावण्याचे काम बहुतेक बंद झाले. बॅगा, पट्टे, पाकिटे करण्याचे काम राहिले. कुर्ला आणि चेंबूर यांच्या मधे ठक्कर बाप्पा कॉलनी आहे. तेथे घरोघर बूट-चपला होतात. पण लहान कारखान्यांना दिवस कठीण आले. रेक्झिनच्या आणि प्लॅस्टिकच्या स्वस्त चपला आल्या. २०१५ साली राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा बैलाचे कातडे मिळेनासे झाले. २०२० साली करोनाची साथ आली. एखादा कारखाना बंद पडतो, एखादा म्हातारा कारागीर जातो, मुले दुसऱ्या धंद्याला लागतात. मग हत्यारांची पेटी किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जाते.

आणखी एक जुना ओघ आहे. मुंबईत १८७४ पासून १९०५ पर्यंत घोड्यांच्या ट्राम होत्या. व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्या तर पुष्कळ वर्षे चालल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या बंद करायला सांगितले. घोडा आला की खोगीर आले, लगाम आला, पट्टे आले. ते शिवणाऱ्यांची हत्यारे विलायतेहून येत. घोडे गेले. हत्यारे कोठे ना कोठे पडून राहिली.

पहिल्या दिवशी मामा भाच्याला साकीनाक्याला घेऊन गेले. मरोळ नाक्याच्या पुढचेच स्टेशन. तेथल्या खैरानी रोडवर भंगाराचे गाळे आहेत. लोखंडाचे ढीग, पत्र्याचे ढीग, मोटारींचे भाग. भाच्याला वाटले, यात आपले हत्यार कसे सापडणार?

मामा एका ढिगापाशी उकिडवे बसले. हाताने उकरू लागले. एक गंजलेली पट्टी त्यांनी बाहेर काढली. रुंद तोंड, मागे निमुळती, मूठ नाही.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"रापी."

"कशावरून? सुताराची पटाशी का नाही? रंगवाल्याचा पत्रा का नाही?"

भाचा गप्प. मामांनी दाखवले ते असे. रंग खरवडण्याची पट्टी पातळ असते आणि वाकते. पटाशी जाड असते, तिच्या मागे मूठ बसवायची जागा असते, आणि मुठीच्या डोक्यावर ठोकून ठोकून चेपल्याच्या खुणा असतात. रापीला कोणी ठोकत नाही. ती तळहातात धरून पुढे ढकलतात किंवा आपल्याकडे ओढतात. म्हणून तिची मागची बाजू हाताने गुळगुळीत झालेली असते. पुष्कळदा तिथे कापडाची किंवा चामड्याची चिंधी गुंडाळलेली असते. चिंधी कुजली तरी तिचा काळा डाग राहतो.

त्यांनी पट्टी उलटी केली. पाठीवर बारीक तिरक्या रेघा होत्या.

"कानशीचे दाते!" भाचा म्हणाला.

"बरोबर. लोहारानं जुन्या कानशीपासून रापी केली आहे. कानस उत्तम पोलादाची असते. कोणी करवतीच्या पात्यापासून करतात, कोणी ट्रकच्या पाट्यापासून. सगळी चालतात. पत्र्याची मात्र चालत नाही."

आता पोलाद म्हणजे काय? लोखंडात अगदी थोडा कर्ब, म्हणजे कोळशाचा अंश मिसळला की पोलाद होते. धारेच्या हत्याराच्या पोलादात शंभर भागांत साधारण एक भाग कर्ब असतो. साध्या लोखंडात त्याच्या पावभर किंवा त्याहूनही कमी. एवढ्याशा फरकाने सगळे बदलते. पोलाद लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की कठीण होते. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. साध्या लोखंडाला कितीही पाणी द्या, ते मऊच राहते.

पोलाद ओळखायला मामा खिशात कानशीचा एक तुकडा ठेवतात. धारेच्या टोकाला कानस हलकीच घासायची. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली, तर पाणी दिलेले पोलाद आहे. कानस रुतली आणि भुगा पडला, तर एकतर ते साधे लोखंड आहे किंवा पाणी उतरले आहे. दुकानदाराला आधी विचारावे. न विचारता त्याच्या मालावर कानस चालवली तर भांडण होते.

गाळ्यात घासायचे चाक फिरत असेल तर दुसरी परीक्षा आहे. हत्याराची मागची कड क्षणभर चाकाला लावायची. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, रेघांसारख्या उडतात. पोलादाच्या ठिणग्या पुढे जाऊन फुटतात, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. कर्ब जितका जास्त, तितकी फुले जास्त. ही परीक्षा धारेवर कधी करू नये. का ते पुढे सांगतो.

मामांनी दुसरी रापी उचलली. ही स्वच्छ होती. धार लावलेली, लखलखीत. भाच्याला ती लगेच आवडली. मामांनी ती उन्हात तिरपी धरली. धारेच्या कडेला निळसर पट्टा दिसत होता, मोराच्या पिसासारखा.

"ही जळलेली आहे," ते म्हणाले आणि ती परत टाकली.

झाले असे होते की कोणी विजेच्या चाकावर घाईघाईने धार लावली होती. पोलाद तापत जाते तसा त्याच्यावर रंग चढतो. साधारण २३० अंशांना फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा. ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यापर्यंत ठीक. निळा आला की त्या जागेचे पाणी उतरले, धार मऊ पडली. अशी रापी विकताना सुंदर कापते. घरी नेल्यावर दोन चपलांत बोथट होते. निळा भाग अगदी थोडा असेल तर हाताने दगडावर घासून तो काढून टाकता येतो. जास्त असेल तर लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावे लागते. एक लबाडीही आहे. वाळूच्या कागदाने घासले की निळा रंग पुसला जातो. रंग जातो, मऊपणा जात नाही. तेव्हा पुन्हा कानशीचाच भरवसा.

जुन्या पात्यांत आणखी एक पाहायचे असते. पूर्वी पोलाद महाग होते. म्हणून सगळे पाते पोलादाचे न करता अंग साध्या लोखंडाचे करत आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून जोडत. नीट पाहिले तर धारेच्या मागे सांध्याची एक बारीक रेघ दिसते. रेघेच्या पुढचा भाग पोलाद. तो अर्धा इंच उरला असेल तर हत्याराला अजून पुष्कळ आयुष्य आहे. धार झिजत झिजत त्या रेघेला टेकली असेल तर फुकट दिले तरी घेऊ नये.

आणि गंज? नवशिका गंजाला घाबरतो. वरवरच्या तांबूस गंजाला घाबरायचे कारण नाही. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून घासला की तो निघतो. भीती खड्ड्यांची. पात्याच्या सपाट बाजूला, धारेजवळ, देवीच्या वणासारखे खड्डे असतील तर धारेला तिथे तिथे खाच पडणार. नख फिरवून पाहावे. नख अडले की खड्डा आहे.

त्या दिवशी खैरानी रोडला दोघांनी काहीच घेतले नाही. कानशीची ती रापी उजव्या हाताची होती. तिची धार तिरकी होती आणि एकाच बाजूने उतार दिलेला होता. उतार कोणत्या बाजूला आहे यावरून रापी कोणत्या हाताची ते कळते. भाचा हिरमुसला.

"फुकट दिवस गेला," तो म्हणाला.

"फुकट कसा? निळी रापी घेतली असतीस ना तू!"

शुक्रवारी ते चोरबाजारला गेले. अंधेरीहून पहाटेची गाडी पकडून ग्रँट रोडला उतरले आणि पूर्वेकडे चालत गेले. चोरबाजार म्हणजे भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्या. पूर्वी येथे फार गोंगाट असे म्हणून याला शोर बाजार म्हणत आणि त्याचा चोर बाजार झाला, असेही लोक सांगतात. खरे-खोटे कोण जाणे. शुक्रवारी रस्त्यावर जुना बाजार भरतो. चादर पसरून लोक बसतात. नट-बोल्ट, पाने, पकडी, घड्याळे, एक-एकटे बूट, काय वाटेल ते.

येथे विलायती हत्यारे मिळतात. विकणाऱ्याला ती कशाची आहेत हे बहुधा माहीत नसते. एक जण काट्यासारखे काहीतरी हातात धरून "बर्फ फोडायचं, बर्फ फोडायचं" असे ओरडत होता. मामांनी ते घेऊन पाहिले. जाड दांडा, पुढे सहा-सात चपटे दाते, सगळे सारखे तिरके. बर्फाच्या सुळ्याला असे दाते कशाला लागतील? ते खोगीर शिवणाऱ्याचे हत्यार होते. चामड्यावर ठेवून वर ठोकायचे, की टाके कोठे घालायचे त्याच्या तिरक्या खुणा एका ओळीत उमटतात. त्याच्यावर आकडा असतो. ८ असेल तर इंचाला ८ टाके. दाता वाकडा किंवा तुटका असेल तर घेऊ नये. एक दाता मोडला की सगळी ओळ चुकते.

अर्धचंद्रासारखी सुरीही अशीच. वाटोळे पाते, मधे मूठ. लोकांना ती पीठ कापायची किंवा भाजी चिरायची वाटते. स्वयंपाकघरातली असेल तर तिच्या पात्याला दोन्ही टोकांना मुठी असतात, किंवा पाते पातळ असते. चामड्याची असेल तर मूठ एकच आणि बरोबर मधोमध.

जुन्या विलायती हत्यारांवर नाव ठोकलेले असते. इंग्लंडात शेफिल्ड हे पोलादाचे गाव. तेथे जॉर्ज बार्न्सली आणि पुत्र यांचा कारखाना १८३६ साली निघाला. बूट करणाऱ्यांची आणि चामडे कामाची हत्यारे हेच त्यांचे काम. अमेरिकेतला सी. एस. ऑस्बोर्न यांचा कारखाना १८२६ पासूनचा. ही नावे दिसली तर हत्यार उचलून नीट पाहावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर कागदावर अक्षरे उतरवून घ्यावीत आणि कोणाला तरी दाखवावीत. मामा तसेच करतात.

दोन खुणांविषयी थोडे जास्त सांगतो. काही हत्यारांवर इंग्रजीत 'कास्ट स्टील' असे लिहिलेले असते. अर्धवट माहितीचे लोक म्हणतात, "हे ओतीव बीड आहे, टाका." हे अगदी उलटे आहे. शेफिल्डमध्ये १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने पोलाद मातीच्या मुशीत वितळवून ओतण्याची रीत बसवली. त्याला घड्याळाच्या कमानीसाठी एकजीव पोलाद हवे होते. त्या रीतीच्या पोलादाला कास्ट स्टील म्हणत. म्हणजे हे शब्द दिसले तर हत्यार बिडाचे नाही, फार चांगल्या पोलादाचे आहे.

दुसरी खूण बाणाच्या टोकाची. तीन रेघा एका ठिकाणी मिळालेल्या, कावळ्याच्या पावलासारख्या. ही ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. लष्कराच्या मालावर ती ठोकत. असे हत्यार बहुधा खोगीरखान्यातून आलेले असते.

पण बाबांनो, नाव कोणीही ठोकू शकतो. नाव पाहून खूश व्हायचे आणि मग कानस काढायची.

पितळी ठशांचे तर फारच सोपे आहे. कोल्हापुरी चपलेवर नक्षी उठवायला ठसे लागतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली सरकारकडून भौगोलिक ओळखीचे प्रमाणपत्र मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर एवढ्या आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. म्हणजे आपला भाचाही त्यात आला! ठसा पितळी म्हणून देतात आणि आत लोखंड असते. लोहचुंबक जवळ न्यावा. चिकटला तर वर नुसता मुलामा आहे. चुंबक पाच-दहा रुपयांचा असतो, पण तो खिशात असल्यावर दुकानदाराची भाषा बदलते.

भाच्याने तेथे स्वतःच्या अकलेने एक सौदा केला. बुटाचे लाकडी फर्मे, एक जोड. दोन्हींवर ७ चा आकडा. चीर नाही, किडीची भोके नाहीत. पैसे देऊन तो ऐटीत मामांकडे आला. मामांनी दोन्ही फर्मे तळाला तळ लावून धरले. मग एकामागे एक धरले.

"वा! डाव्या पायाचे दोन. गिऱ्हाईक बघून ठेवलंस का असं?"

बाजूचे दोन दुकानदारही हसले. भाचा परत गेला, पण तो माणूस चादर गुंडाळून केव्हाच निघून गेला होता.

फर्म्याचे आकडेही समजून घ्यावेत. इंग्रजी मापात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. ७ नंबरचा फर्मा साधारण १० इंच आणि वर दोन तृतीयांश इंच भरतो. ४०, ४१ असे मोठे आकडे असतील तर ते फ्रान्सकडचे माप. त्यात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. ४० नंबर म्हणजे २६ सेंटिमीटर आणि वर सुमारे ७ मिलिमीटर. फीत लावून मोजून पाहिले की आकडा खरा की खोटा ते कळते. टाचेच्या आणि चवड्याच्या तळाला खिळ्यांची भोके असणारच. पण भोकांनी लाकडाची चाळण झाली असेल तर नवा खिळा धरत नाही.

तीन पायांची लोखंडी ऐरण बिडाची असते. ती उचलून दोरीला टांगावी आणि हातोडीने हलकेच वाजवावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर कोठेतरी चीर आहे. बिडाला सांधा नीट बसत नाही. पकड घ्यायची असेल तर तिच्या जबड्यात विडीचा पातळ कागद धरून ओढावा. सगळीकडे घट्ट धरला तर चांगली. भोके पाडायच्या पंचाची कड बोटाने चाचपावी, आणि आत गंज साचला आहे का ते उजेडाकडे धरून पाहावे. आरीचे नाक भिंगातून पाहावे. दोरा ओढणारी खाच झिजली असेल तर ती चामड्यात अडकते आणि टाका फाडते.

आता शिलाई मशीन. येथेच गरिबाचे पैसे बुडतात, म्हणून येथे सावकाश वाचा.

गटई काम करणाऱ्यांकडे एक काळे मशीन दिसते. पुढे लांब हात असतो आणि सुईजवळचा पाय चारी बाजूंना फिरतो. साध्या मशीनमध्ये खालचे दाते कापड पुढे सरकवतात. यात तो पायच वरून चामडे ओढतो. म्हणून बूट न फिरवता कोणत्याही दिशेला शिवता येते. यातले नावाजलेले मशीन सिंगर कंपनीचे २९ के. यातला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावचा किलबोवी कारखाना. तो १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि १९८० साली बंद पडला. म्हणून कोणी "हे अस्सल २९ के, दहा वर्षांपूर्वीचं" म्हणाला, तर त्याच्या तोंडाकडे बघून पुढे चालू लागावे. मशीनवर नंबर कोरलेला असतो. नंबराच्या आधी इंग्रजी अक्षर असेल तर ते मशीन १९०० साली किंवा त्यानंतर झालेले. नंबर नुसताच असेल तर त्याच्याही आधीचे.

मामांनी स्वतः तरुणपणी एक मशीन घेतले होते. दुकान कोणते ते सांगत नाहीत. काळाभोर नवा रंग, सोनेरी अक्षरे. वर्षभराची बचत त्यात गेली. चौथ्या महिन्यात शिवता शिवता हात खाली आला. रंगाच्या खाली चीर होती. ती लांबीने भरून वर रंग दिला होता.

"तेव्हापासून मी जुन्या मशीनवरच्या नव्या रंगाला भितो," मामा म्हणाले. "झिजलेला रंग खरं बोलतो."

मशीन पाहताना ते काय करतात? प्रथम चाक हाताने हळू फिरवतात. एके जागी जड, एके जागी हलके लागले तर आतले दाते झिजलेले. मग फिरणारा पाय धरून हलवतात. थोडी ढिलाई चालते. लटलट चालत नाही. हाताच्या टोकाला शटल असते. त्याला फिरवणारे बारीक दाते हा या मशीनचा दुबळा भाग. झाकण उघडून ते पाहावेतच. शेवटी आपण नेलेले चामडे आपल्या दोऱ्याने शिवून पाहायचे. दुकानदाराची चिंधी नको. दोन पदर घ्यावेत, पाय चारी दिशांना फिरवून शिवावे आणि मग उलटून खालचा टाका पाहावा. वरचा टाका सगळ्यांचाच चांगला दिसतो. निघताना विचारावे, सुई आणि बॉबिन कोठे मिळते? जे मशीन आहे पण त्याची सुई मिळत नाही, ते घरात ठेवून पूजा करायची का?

भाच्याने दोन मशीने पाहिली. दोन्हींचे शटलचे दाते गेले होते. घेतले नाही.

चोरीच्या मालाविषयीही मामांनी बजावले. पेटी नवी, हत्यारे लखलखीत, भाव मातीमोल, आणि कोरलेले नाव ताजेच घासून काढलेले. असे दिसले की हात लावू नये. कोणाचे तरी पोट त्यात असते. कायद्यानेही गुन्हा आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. गाळ्यावरून मोठी वस्तू घेतली तर पावती घ्यावी. पावतीवर वस्तूचे नाव आणि मशीनचा नंबर लिहिला आहे ना, ते आपणच वाचून पाहावे.

पैसे कमी पडले तर सरकारी योजनाही विचाराव्या. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ साली निघाले. ते कर्ज देते. २०२३ साली केंद्र सरकारने पी. एम. विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या १८ धंद्यांत चर्मकारांचाही धंदा आहे, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठरवलेली आहे. अर्ज कोठे करायचा ते ग्रामपंचायतीत विचारावे.

रविवारी मामांकडे शेजारच्या चाळीतून निरोप आला. त्यांचे एक जुने सोबती वर्षापूर्वी वारले होते. जन्मभर त्यांनी बॅगांच्या कारखान्यात काम केले. त्यांची पेटी खाटेखाली पडून होती. आता घर बदलायचे होते.

"भावजी, भंगारवाला सगळ्याचे मिळून तीनशे म्हणतो," वहिनी म्हणाल्या. "देऊ का?"

मामांनी वर्तमानपत्र पसरले आणि एकेक हत्यार मांडले. भाच्याला म्हणाले, "तू सांग, हे काय, ते काय." भाच्याने कानस घेतली, चुंबक घेतला. ऐरण टांगून वाजवली. फर्मे तळाला तळ लावून पाहिले. या वेळी डावे-उजवे बरोबर होते. एक तिरकी रापी हातात घेतली आणि तो थांबला. तिचा उतार दुसऱ्या बाजूला होता.

"मामा, हे काका डावखुरे होते?"

"होते की," वहिनीच म्हणाल्या. "जेवताना सासूबाई ओरडायच्या त्यांना."

मामांनी कागदावर यादी केली. तिरकी रापी ४००. सरळ रापी ३००. टाक्यांच्या खुणा पाडायचे दाते, दोन, १,०००. अर्धचंद्र सुरी ९००. पंच ११ नग, ५५०. पकड ३५०. ऐरण ७००. फर्मे तीन जोड, ४५०. आऱ्या पाच, २००. एकूण ४,८५० रुपये.

भाचा मामांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मामा, त्या तीनशेला द्यायला तयार आहेत. आपण हजार दिले तरी त्यांना जास्तच."

मामा मोठ्याने बोलले, वहिनींना ऐकू जाईल असे. "तुला आठ दिवसांत जे शिकवलं ते कोणाला तरी फसवायला शिकवलं काय? यादी वाच. त्यांच्यासमोर वाच."

भाच्याचे कान लाल झाले. त्याने यादी हातात घेतली. गेल्या वर्षीच तो वाचायला शिकला होता. अडखळत, पण एकेक वस्तू आणि एकेक आकडा त्याने मोठ्याने वाचला. वहिनी ऐकत होत्या. "एवढं होतं त्या पेटीत?" त्या म्हणाल्या.

खुणा पाडायचे दाते आणि अर्धचंद्र सुरी चपलेच्या कामाला लागत नाहीत. ती दोन्ही भाच्याने घेतली नाहीत. "ही धारावीत बॅगावाल्यांकडे दाखवतो. यादीपेक्षा जास्तच येतील. आले की आणून देतो," मामा म्हणाले. बाकीच्याचे २,९५० रुपये भाच्याने मोजून दिले. पावती लिहिली. वहिनींनी सही केली. एक लहान जुनी आरी मात्र त्यांनी परत मागून घेतली. तिची मूठ पतीने स्वतः बाभळीची केली होती. भाच्याने त्या आरीचे ४० रुपये वजा करू दिले नाहीत.

त्या रात्री भाच्याने रापी रॉकेलमध्ये ठेवली. सकाळी गंज घासून काढला. विजेच्या चाकाला हात लावला नाही. दगडावर पाणी शिंपडत, हाताने, तासभर धार लावली. मग तळव्याच्या जाड चामड्याचा तुकडा मांडीवरच्या फळीवर घेतला, रापी डाव्या हातात धरली आणि पुढे ढकलली. चामड्याची एक लांब पातळ साल वळत वळत वर आली.

"मनगट दुखतंय का?" मामांनी विचारले.

भाच्याने मान हलवली आणि दुसरी साल काढायला घेतली.